तिकिटांचे गठ्ठे

आमच्या बस डेपोत पूर्वी टायर ठेवायची एक खोली होती. आता तिथे गाड्यांमधला कचरा येतो आणि तिथे माझं राज्य चालतं. कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं.

त्याआधी नऊ वर्षं मी गाड्या झाडल्या. गाडी फेरी करून आली की मागच्या सीटपासून झाडत पुढे यायचं, निघेल ते एका काळ्या पिशवीत कोंबायचं, पिशवी कंटेनरमध्ये, आणि कंटेनर गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर. पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, केळ्याचं साल, कोणाच्या तरी लेकराचा एक मोजा, सगळे एकाच पिशवीत नांदायचे. पिशवीला गाठ मारताना दर वेळी माझ्या मनात यायचं, यातलं निम्मं तरी पुन्हा वापरात येईल. माझ्या मनातलं तोंडावर यायला वेळ लागत नाही. नऊ वर्षं मी हेच बोलत राहिले. शेवटी आमच्या आगारप्रमुखांनी, बहुधा माझं तोंड बंद करायलाच, टायरची खोली दिली आणि सहा महिन्यांची मुदत दिली. डोंगरावर जाणारा कचरा निम्म्यावर आला पाहिजे, आणि आपण वेगळा करून दिलेला माल कोणत्याही कारखान्याने परत पाठवता कामा नये. परत आला तर खोलीत पुन्हा टायर. वरच्या ऑफिसचं तसं पत्रच होतं.

हाताखाली एक बाई दिली. तिला सगळा डेपो रेडिओ म्हणतो, कारण ती बंद होत नाही. कामाला मात्र वाघीण. महिनाभरात आम्ही खोलीत बाटल्यांचा कोपरा, कागदाचा कोपरा, पुठ्ठ्याचा कोपरा असा संसार थाटला. गाडीत दरवाजाजवळ दोन डबे बसवले. लोक दोन्हींत सगळंच टाकायचे, तो भाग सोडा. निवडायला आम्ही होतोच.

आता सासऱ्यांचं सांगते. ते याच डेपोत तेहतीस वर्षं कंडक्टर होते. ड्रायव्हर लोक त्यांना मास्तर म्हणायचे, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि या माणसाचं बोलणंच आटलं. सकाळी आंघोळ करायची, केस विंचरायचे आणि खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसायचं, ते जेवायला हाक मारेपर्यंत. खिडकीतून बसचा रस्ता दिसतो. दिवसभरात दोन शब्द, ‘हो’ आणि ‘नको’. माझा नवरा दवाखान्यात वायरमन आहे, त्याच्या पाळ्या वेड्यावाकड्या. तो म्हणायचा, “वय झालंय त्यांचं, बसू दे निवांत.” निवांत कसलं डोंबलाचं! माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. पण मीही कधी काही विचारलं नाही. अख्ख्या डेपोशी भांडणारी मी, त्यांच्यासमोर माझी बोलती बंद व्हायची. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आमचं बोलणं म्हणजे मी “चहा ठेवलाय” म्हणायचं आणि त्यांनी “बरं” म्हणायचं.

मग घराला रंग द्यायला माणसं आली. रंगाच्या वासाने सासऱ्यांना ठसका लागला, थांबेचना. घरी ठेवायची सोय नाही म्हणून मी त्यांना बरोबर घेऊन गेले आणि खोलीत एका स्टुलावर बसवलं. रेडिओ त्यांच्याशी बोलत होती, ते मान हलवत होते. समोर ढीग पडला होता. ढिगातून त्यांनी चुरगळलेलं एक तिकीट उचललं, गुडघ्यावर ठेवून अंगठ्याने सपाट केलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “एकशे बारा नंबर. सकाळची नऊ वीसची फेरी. हा शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलाय.”

मी हातातली बाटली तशीच धरून उभी राहिले. सबंध वाक्य, तेही एकापाठोपाठ एक! रेडिओसुद्धा गप्प झाली, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी रंगाचं काम संपलं, वास गेला, तरी सकाळी सासरे बूट घालून दारात उभे. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. तेव्हापासून रोज आम्ही दोघं बरोबर निघायला लागलो.

त्यांनी स्वतःचं काम स्वतःच ठरवलं. ढिगातली तिकिटं वेचायची, गुडघ्यावर सपाट करायची, एकाच मार्गाची एकत्र लावायची. जाड गठ्ठा झाला की दोऱ्याने बांधायचा. गाठ अशी चपटी की गठ्ठ्यावर गठ्ठा ठेवला तरी डुगडुगत नाही. मग तो गठ्ठा कागदाच्या गोणीत, वर्तमानपत्रांच्या थरावर. बाहेरचा कोणी माणूस असता तर त्याने तिकिटं झाडून कचऱ्यात लोटली असती आणि विसरला असता. पण आम्ही पडलो डेपोची माणसं. तिकीट पायाखाली आलं तरी आमचा पाय अडखळतो. मास्तरांना तर तिकीट केळ्याच्या सालात लडबडलेलं बघवायचं नाही. “कोणीतरी प्रवास केलाय यावर,” म्हणायचे. तिकीट कागदाचं, म्हणून कागदाच्या गोणीत. याच्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि तिकिटांबरोबर त्यांचं बोलणं सुटं होत गेलं. कोणती म्हातारी कोंबडी घेऊन चढायची आणि कोंबडीचंही तिकीट द्या म्हणून हटून बसायची. कोणता ड्रायव्हर घाटात डोळे मिटून शिट्टी वाजवायचा. घरीसुद्धा फरक पडला. ते वर्तमानपत्रावर चिडायला लागले, जेवताना पुन्हा वाढून घ्यायला लागले. एकदा तर भाजीत मीठ जास्त पडलंय असं म्हणाले. नवऱ्याचं तोंड पडलं, त्याला वाटलं मी आता फणकारणार. मला मात्र असा आनंद झाला की मी आत जाऊन पदराने डोळे पुसले. चूक काढायची ताकद आली होती माणसात!

पाचव्या महिन्याच्या अखेरीस कागदाची आमची पहिली खेप कागद कारखान्यात गेली. एकूण अकरा गोण्या. तिसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातून फोन आला.

“बाई, तुमच्या गोण्यांमध्ये तिकिटांचे गठ्ठे आहेत,” पलीकडचा माणूस म्हणाला. “मशीनमधून निघतात ती तिकिटं.”

“आहेत ना. का?”

“अहो, तो साधा कागद नसतो. त्याच्यावर रसायनाचा थर असतो. मशीनमध्ये शाईच नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात. आमच्या लगद्यात तो थर मिसळला की सगळा माल डागाळतो. चुकून चार-दोन आली तर आम्ही बोलत नाही. पण तुमच्याकडे तर कोणीतरी अगदी जीव लावून गोळा केलीत. गाडी परत पाठवलीय.”

जीव लावून. तो बिचारा सहज बोलून गेला, पण मी फोन ठेवून आधी सासऱ्यांच्या स्टुलाकडे बघितलं.

त्या दिवशी सासरे नवऱ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, तेवढंच नशीब. गाडी आली, गोण्या उतरल्या. मी आणि रेडिओने त्या भिंतीला लावून वर ताडपत्री टाकली. तोवर आगारप्रमुखांचं बोलावणं आलंच. हा माणूस वाईट नाही. सदा सर्दी, सदा नाकाला रुमाल, पण शब्दाचा पक्का.

“वरून फोन आला होता,” ते म्हणाले. “माल परत आला म्हणजे खोली बंद, असं ते म्हणतायत. मी एक दिवस मागून घेतलाय. चूक कोणाच्या हातून झाली ते उद्या सकाळी मला नावानिशी लेखी द्या. त्या माणसाला खोलीतून बाजूला केलं असं कळवता आलं, तर कदाचित ऐकतील.”

“आणि नाव नाही दिलं तर?”

“तर टायर येतील,” म्हणाले आणि शिंकले.

मी खोलीत येऊन बसले. खरं नाव लिहायचं तर सासऱ्यांचं. ते नोकरीवरही नव्हते, त्यांना डेपोत पाऊल टाकू नका म्हणायला एक ओळ पुरली असती. आणि मग? मग खिडकी, खुर्ची, ‘हो’ आणि ‘नको’. मला ते दिसायलाच लागलं. मी कागद घेतला आणि लिहिलं की तिकिटं कागदात घालायला मी सांगितलं, चूक सर्वस्वी माझी आहे, मला खोलीतून काढून परत गाड्या झाडायला लावावं. नऊ वर्षं भांडून मिळवलेली खोली दोन ओळींत गेली. लिहिताना रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण हात थांबला नाही.

रेडिओने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. “अगं, खोली तुझी आहे. तूच गेलीस तर मी एकटी काय भिंतींशी बोलू?”

“तुला भिंती पुरतात,” मी म्हटलं. “आणि हे बघ, बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. शपथ आहे तुला.”

रेडिओने शपथ घेतली. पत्र मी आगारप्रमुखांच्या टेबलावर ठेवलं आणि बाजार करून घरी आले. घरी बघते तर सासरे खिडकीत.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“बरं आहे.”

“चहा ठेवू?”

“नको.”

तेच जुनं ‘नको’. नवऱ्याला बाजूला घेतलं, तर तो म्हणाला, “येताना डेपोवरून आलो. बाबा म्हणाले, जरा डोकावतो. फाटकाशी ती तुझी रेडिओ भेटली, बोलत होती त्यांच्याशी. मी चिठ्ठी विसरलो होतो गाडीत, ती घ्यायला वळलो.”

“कसली चिठ्ठी?”

“औषधाची, डॉक्टरने लिहून दिलेली. का? काय झालं?”

काय व्हायचं राहिलं होतं! रेडिओच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असून मी तिला शपथ घातली, म्हणजे मीच मूर्ख. रात्रीच्या जेवणाला सासरे दोन घास खाऊन उठले आणि दिवा लावून पुन्हा तिथेच बसले. बोलावं म्हणून मी दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले.

सकाळी उठले तर खुर्ची रिकामी. अंथरूण घडी घातलेलं, बूट नाहीत, खुंटीवरचा कोट नाही. नवरा दवाखान्यात पहाटेच गेलेला. मी शेजारी विचारलं, कोपऱ्यावर विचारलं, कोणी पाहिलं नव्हतं. मनात नाही नाही ते यायला लागलं. तशीच धावत डेपोवर गेले, तर फाटकातला पहारेकरी म्हणाला, “मास्तर? साहेबांच्या खोलीत आहेत. साहेब यायच्या आधीपासून दारात उभे होते.”

दार उघडंच होतं. सासरे टेबलासमोर उभे, कोटाची सगळी बटणं लावलेली. साहेबांच्या पुढ्यात दोन कागद होते. एक माझा. दुसऱ्यावरचं अक्षर तिरपं, टपोरं, तेहतीस वर्षं हलत्या गाडीत लिहून झालेलं.

“या, तुमचीच कमी होती,” साहेब मला म्हणाले. “एका चुकीला गुन्हेगार मिळत नाही म्हणून मी रात्रभर काळजीत, आणि सकाळी बघतो तर दोन-दोन. मास्तर, सुनेने लिहून दिलंय ना, मग तुम्ही कशाला मध्ये पडता?”

“कारण ते खोटं आहे,” सासरे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “तिकिटं मी वेचली, मी बांधली, मी गोणीत घातली. साहेब, आमच्या वेळी एक रीत होती. आपल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस राहून गेला असं कळलं, तर तपासनीस चढायच्या आधी आपणच कागद लिहून तयार ठेवायचा. त्याने पकडल्यावर लिहिलं तर ती नुसती सबब. नोकरीत मी असे तीन कागद दिले. हा चौथा.”

“अहो, पण तुम्ही नोकरीत कुठे आहात आता?”

“या बाईंच्या हाताखाली आहे,” सासरे म्हणाले. “चार महिने.”

या बाईंच्या. म्हणजे माझ्या!

“आणि कागद पुढेही आहे, उलटा करा,” ते म्हणाले. साहेबांनी उलटा केला. खिडकीत बसून हा माणूस रात्री हे लिहीत होता आणि मला वाटलं होतं, सगळं संपलं. “हे तिकीट घ्या. जोरात नख ओढा त्याच्यावर. उठला काळा ओरखडा? साध्या कागदावर उठत नाही. निवडणाऱ्याने एवढं बघितलं की झालं. गाडीत उतरायच्या दाराशी तिकिटांसाठी एक छोटी पेटी लावा, म्हणजे ती ढिगात येणारच नाहीत. ती परत वापरात यायची नाहीत, पण दुसरा माल तरी खराब करणार नाहीत. राहिल्या या अकरा गोण्या. तिकिटं सुटी टाकली असती तर हात टेकले असते. पण गठ्ठे बांधलेत. उचलून बाहेर काढायचे, बस. आजच्या आज होईल.”

साहेबांनी दुसऱ्या तिकिटावर नख ओढलं, मग आपल्याच एका पत्रावर ओढून बघितलं. मग रुमाल नाकाला लावून कारखान्याला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, पाठवा, मी चार गोण्या उघडून बघेन, स्वच्छ असल्या तर घेईन.

“माल घेतला गेला तर नाव कोण विचारतंय,” साहेब फोन ठेवून म्हणाले. “पण बाई, एक सांगा. हे तुम्ही स्वतःच्या अंगावर का घेतलंत? खोलीसाठी माझं डोकं खाल्लंत नऊ वर्षं.”

सासरे समोर उभे होते. एरवी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. पण सकाळपासून इतकी घाबरले होते की आता कसलीच लाज उरली नव्हती.

“यांना इथे येऊ नका म्हटलं असतं तर हे पुन्हा खिडकीत जाऊन बसले असते,” मी म्हटलं. “ते मला बघवत नाही. खोली काय, राहिली असती नाहीतर गेली असती.”

साहेबांनी दोन्ही पत्रं फाडली आणि तुकडे माझ्या हातात दिले. “हा साधा कागद आहे ना? न्या मग.”

त्या दिवशी आम्ही तिघांनी अकरा गोण्या उपसल्या. रेडिओने माझी नजर टाळत दुप्पट काम केलं, आणि मीही तिला फार बोलले नाही, तिच्यामुळेच हे निस्तरलं म्हणा ना. गठ्ठे एका बाजूला रचले तर कमरेएवढा ढीग झाला. चार महिन्यांचं काम. प्रत्येक गठ्ठ्यावर तीच चपटी गाठ. आता हे सगळं काळ्या पिशव्यांत घालून कंटेनरमध्ये, म्हणजे शेवटी डोंगरावरच जायचं होतं.

“तुम्ही बसा बाबा, मी टाकते,” मी म्हटलं.

“नाही,” ते म्हणाले.

पिशव्या त्यांनीच भरल्या, त्यांनीच उचलून नेल्या, एकेक करून. मी दारात उभी राहून बघत होते. शेवटची पिशवी टाकून ते परत आले, हात धुतले, स्टुलावर बसले. रेडिओ चहा आणायला गेली होती. धुतलेले हात न पुसताच त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून हा माणूस यायचा नाही.

“सूनबाई,” ते म्हणाले, “साहेबांना तू जे सांगितलंस, मी खिडकीत बसतो ते.”

“हो.”

“मला वाटायचं, मी तिथे बसतो हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही.”

मला हुंदका आवरेना. दोन वर्षं रोज त्या खुर्चीजवळून जाताना माझ्या पोटात तुटायचं, आणि ते सांगायला मला साहेबांची खोली लागली. मी त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसले आणि म्हटलं, “रोज यायचं लक्षात. रोज. मला बोलायचा धीर नव्हता, बाबा.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओला होता अजून. मग तो काढून घेतला, घसा खाकरला आणि समोरच्या बाटल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, “ही झाकणं तुम्ही वेगळी का काढता?”

“बाटलीचं प्लास्टिक वेगळं असतं आणि झाकणाचं वेगळं. एकत्र वितळवलं तर दोन्ही वाया जातं.”

“नक्की ना?” ते म्हणाले. “नाहीतर पुन्हा कागद लिहावा लागायचा.”

मी डोळे पुसत हसले आणि म्हटलं, नक्की. त्यांनी स्टूल उचलून ढिगाजवळ नेलं, पहिली बाटली घेतली आणि झाकण उलट्या बाजूला पिळायला लागले.

“असं नाही,” मी म्हटलं. “द्या इकडे, दाखवते.”

“दाखवा, बाई,” ते म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली.